एस्तेरबाईचा रेस्ट-गिव्हर

देऊळ सुटलं की साळव्यांच्या घरी जेवायला जायचं, हा पांढुर्ण्याच्या ख्रिस्ती मंडळीचा रिवाज एस्तेरबाईच्या सासऱ्यानं पाडला होता. पाडला त्यानं आणि निभावत आली एस्तेरबाई. सासरा प्रभूघरी गेला, पण रिवाज काही त्याच्यासोबत गेला नाही. दर इतवारी पाळकसाहेब, पाळकीणबाई, तिगावहून येणारं एक म्हातारं जोडपं, आणखी कोणी ना कोणी पाहुणा, असा सगळा गोतावळा उपासना आटोपली की साळव्यांच्या अंगणात चपला काढायचा. जेवायला मटनाचा रस्सा, पोळ्या, भात. आणि पोळ्या गरमच पाहिजेत. सासरा म्हणायचा, देवाच्या माणसाला गार वाढू नये. म्हणायला काय लागतं हो? तो काही तव्यापाशी बसत नव्हता.

म्हणून एस्तेरबाईची देवळातली जागा ठरलेली होती. शेवटचा बाक, दाराकडची बाजू. रस्सा ती सकाळीच करून ठेवायची, पण पोळ्या आणि भात राहायचा. शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले की ही बाई पदर खोचून हळूच दाराबाहेर. दोन गल्ल्या ओलांडून घर गाठायचं, कुकर चढवायचा, तवा ठेवायचा. गीत संपल्यावर पाळक हात वर करून सगळ्यांना आशीर्वाद देतात आणि मग लोक बाहेर पडतात. तो आशीर्वाद एस्तेरबाईनं लग्न होऊन या गावात आल्यापासून एकदाही ऐकला नव्हता. त्या वेळी ती कणीक मळत असायची.

नवरा प्रभुदास, रेल्वेतून रिटायर झालेला पॉइंट्समन. माणूस गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. रिटायर झाल्यापासून गुडघ्याचं निमित्त करून देवळातही जाईना. बाजेवर पडून, आत्ता गेली ती मालगाडी की प्रवासी, हे आवाजावरून सांगायचं, एवढंच काम त्यानं स्वतःकडे ठेवलं होतं. घरातलं काही विचारलं की त्याचं उत्तर तयार, "तुमी बायका पाहून घ्या."

त्यांचा एकुलता एक मुलगा पंकज. जळालेल्या पंपाच्या मोटारी बांधून द्यायचं त्याचं दुकान होतं. गेल्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं आणि तृप्ती घरात आली. पोरगी सौसरची. ख्रिस्तीच, पण शनिवारवाली. म्हणजे तिच्या माहेरची मंडळी शब्बाथ इतवारी नाही, शनिवारी पाळते. शुक्रवारी दिवस बुडाला की सुरू, ते शनिवारी दिवस बुडेपर्यंत. तेवढ्यात चूल नाही, बाजार नाही, शिलाई नाही, मोबाइलसुद्धा नाही. लग्नाच्या बोलणीतच तृप्तीच्या वडिलांनी हे साफ सांगितलं होतं. एस्तेरबाईनं "हो हो, पाळू द्या ना" म्हणून मान डोलवली होती. मनात म्हणाली होती, सासरी आली की आपसूक सुटते, माह्यं नाही काय सुटलं!

तर ते सुटलं नाही. शुक्रवारी दुपारपासून या पोरीचा हात असा चाले की बघत राहावं. दुसऱ्या दिवशीचं जेवण, झाडलोट, धुणं सगळं हातावेगळं. समोरच्या खोलीत ती ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. ते मशीनही झाकून ठेवी. दिवस बुडता बुडता फोन बंद करून तांदळाच्या डब्यात. पहिल्या वेळी एस्तेरबाईला वाटलं, फोन पाण्यात पडला असंन. तिनं शनिवारी सकाळी तो काढला, पदरानं पुसला आणि चांगला छतावर उन्हात वाळत घातला. तृप्ती ते पाहून पोट धरून हसली. त्यात वाईट काही नव्हतं, पण सासूला जो राग आला तो आला.

गंमत अशी की बाहेरच्या कोणालाच या शनिवाराचं काही वाटलं नाही. शेजारची दिपाली ब्लाउज घ्यायला आली, तर मशीन झाकलेलं.

"सूनबाईचा मारुतीचा शनवार असते काय?" तिनं विचारलं.

"मारुतीचा नाही व," एस्तेरबाई म्हणाली.

"मंग शनीचा?"

"शनीचा बी नाही. आमच्याच देवाचा हाय."

"कोणाचा का असंना, कडक पाळते बाप्पा. मी उद्या येतो," म्हणून दिपाली निघून गेली. दिवस पाळणारी बाई तिनं जन्मभर पाहिली होती, त्यात तिला विचारण्यासारखं काय होतं? साऱ्या मोहल्ल्याला तृप्तीचा शनिवार पचला. पचला नाही तो एकट्या एस्तेरबाईला.

आणि तिचंही काही अगदीच खोटं नव्हतं. इतवारचं जेवण इतवारी थोडंच होतं? त्याचं खरं ओझं शनिवारी. मसाला वाटा, लसूण सोला, तांदूळ निवडा, माळ्यावरची मोठी भांडी काढून घासा. सून आली की दोन हात वाढतील, या आशेवर ती बसली होती. अन् नेमक्या त्याच दिवशी सून सकाळी उठून माहेरच्या देवळाला जायला सौसरच्या बसमध्ये, दुपारी आली की पांढऱ्या ओढणीत शांत बसून बायबल वाचणार. बिचाऱ्या एस्तेरबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका शनिवारी तिचा तोल सुटला. मिक्सर बिघडलेला, पाट्यावर मसाला वाटून वाटून खांदे भरून आलेले. भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलायला लागली. "देवानं सुट्टी सांगितली ती काय फक्त सौसरवाल्याइले? आमी काय इथं गाढवं हाओत? बसा, बसा पाय लांबवून. सासू हाय ना मरायले!"

समोरच्या खोलीत तृप्ती होती. तिचं पान उलटायचं थांबलं. पण बोलला तो पंकज. तो नेमका दारात उभा होता, हाताला मोटारीचं काळं ऑइल लागलेलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "तिचं तुले इतकं जड जाऊन राहिलं असंन, तं आमी सौसरले खोली पाहतो. दुकान तिकडं बी टाकता येते. येत्या इतवारी छिंदवाड्याचे पाहुणे येऊन राहिले, ते जेवून जाऊ दे. मंग मी निघतो पाहाले."

ओरडला असता तर एस्तेरबाई त्याच्या दुप्पट ओरडली असती. पण पोरगा हळू बोलला, म्हणजे मनाशी ठरवून बोलला. एवढं एक लेकरू, अन् ते आपल्या तोंडापायी घर सोडून जाणार? तिथंच तिनं नमतं घ्यायचं होतं. पण नमतं घेणं तिच्या कुंडलीत नव्हतं, ख्रिस्ती असल्यामुळे कुंडलीही नव्हती, नुसता स्वभाव होता.

"पाहा ना, मी काय पाय धरले तुह्ये?" ती म्हणाली. "अन् तुह्या बायकोले सांगून ठेव, इतवारी तिचा हात माह्या चुलीले लागला नाही पाहिजे. मी एकटी पुरी हाय."

बोलून बसली खरी. मग पुढचा आठवडाभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पंकज जेवायला बसला की ती त्याच्याकडे चोरून पाहायची. सौसर काही विलायतेत नाही, पण रोज संध्याकाळी दारात त्याच्या गाडीचा आवाज यायचा तो येणार नाही. तृप्ती नेहमीसारखीच "आई, चहा ठेवू काय?" विचारायची आणि एस्तेरबाईला तिच्या त्या गोड बोलण्याचाच जास्त त्रास व्हायचा.

शनिवारी पाहुण्यांची सगळी तयारी तिनं एकटीनं केली. दिवस बुडाल्याबरोबर तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, झाला माझा शब्बाथ. सांगा, काय करू?"

"तुही शिलाई कर," एस्तेरबाई पाठ न वळवता म्हणाली. कंबर अशी धरली होती की वळायची सोयच नव्हती.

इतवारी पहाटे उठून तिनं रस्सा चढवला. मग चहाचा कप हातात घेऊन ओट्याला टेकून जरा उभी राहिली, तर उभ्याउभ्याच डुलकी लागली आणि चहा लुगड्यावर सांडला. तृप्ती धावत आली, "आई, पोळलं काय?" सासूनं तिचा हात झटकला आणि लुगडं बदलून देवळात गेली.

छिंदवाड्याचे पाहुणे पाळक विद्वान होते. विद्वान असले की उपदेश लांबतो, त्याला त्यांचाही इलाज नसतो. डोक्यावर पंखा मंद फिरत होता. एस्तेरबाई आपल्या नेहमीच्या बाकावर, पण आज टेकायला म्हणून भिंतीच्या बाजूला. तिनं डोकं भिंतीला लावलं, जरासं, फक्त या मुद्द्यापुरतं. पाहुणे कोणत्या मुद्द्यावरून कोणत्या मुद्द्यावर गेले, ते तिला आजही माहीत नाही.

जाग आली ती शांततेनं. गीताचा आवाज नाही, उपदेशाचा नाही. डोळे उघडून पाहते तर सारं देऊळ उभं, सगळ्यांच्या माना खाली, आणि समोर पाळकसाहेबांचा हात वर गेलेला. आशीर्वाद! म्हणजे शेवटचं गीत होऊन गेलं! अव माय व! कुकर नाही, कणीक नाही, तवा गार! एस्तेरबाई ताडकन उभी राहिली. पण आशीर्वादाच्या मध्येच देवळातून कोणी बाहेर जात नाही, लहान लेकरूसुद्धा जात नाही. पाय दाराकडे आणि जीव चुलीकडे, अशी ती जागीच खिळली. तेवढ्यात सगळे "आमेन" म्हणाले.

इतकाच? ती चकित झाली. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपलं काय काय मोठं ऐकायचं राहून जातं. एक पोळी तव्यावर फुगते ना, तेवढाही वेळ नव्हता लागला.

पण नवल करायला सवड कोणाला होती? ती दाराबाहेर पडली तर पाळकसाहेब पाहुण्यांना घेऊन मागोमाग. "अरे वा, एस्तेरबाई! आज आमच्यासंगच? चला चला!" आता पळताही येईना. पाहुणे रस्त्यात थांबून संत्र्याच्या भावाचं विचारत होते, पंकज त्यांना सांगत होता, आणि एस्तेरबाई त्यांच्यासोबत एकेक पाऊल टाकत फाशीला निघाल्यासारखी चालत होती. काय सांगावं? गॅस संपला म्हणावं? सिलिंडर तर परवाच आलं, अन् ते पाळकसाहेबांनीच पाहिलं होतं. बरं, घरात सून आहे, तिनं केलं असतं. पण तिला चुलीला हात लावू नको म्हणून कोणी सांगितलं? आपणच. तेही पंकजच्या तोंडावर. आता सगळ्या मंडळीपुढे सासऱ्याचा रिवाज मोडणार, सुनेवर बोट जाणार, आणि पोरगा आज संध्याकाळीच सौसर गाठणार. हे सगळं आपल्या जिभेचं काम, असं ती स्वतःला म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

घराच्या गल्लीत वळल्यावर तिला वास आला. ताज्या पोळीचा. तिनं आधी शेजारच्या दिपालीच्या घराकडे पाहिलं. दिपालीच्या दाराला कुलूप होतं.

एस्तेरबाई मागच्या दारानं आत शिरली. ओट्यावर कुकर उतरवून ठेवलेला. टोपलीत फडक्याखाली पोळ्यांची चवड. रस्सा मंद आचेवर. तव्यापाशी तृप्ती, कपाळाला पीठ लागलेलं. आणि कोपऱ्यात पाटावर बसून कांदे चिरत होता प्रभुदास! या माणसानं चुलीशी नातं ठेवलं ते फक्त जेवणापुरतं.

एस्तेरबाईचा जीव भांड्यात पडला.

"आई, रागावू नका," तृप्ती घाबरून म्हणाली. "तुमी नाही म्हटलं होतं. पण सकाळी तुमी उभ्याउभ्या झोपून राहिल्या होत्या. मले राहवलं नाही. काय बोलायचं ते पाहुणे गेल्यावर बोला."

एस्तेरबाईनं लाटणं घ्यायला हात पुढे केला. सवयच ती. तृप्तीनं लाटणं दिलं नाही.

"जा, तुमी पाहुण्याइजवळ बसा. माझा दिवस काल झाला. आज तुमचा आहे."

"बाईमाणसाचा कुठचा दिवस आला व!" एस्तेरबाई म्हणाली. "लहानपणी मले देवाच्या दहा आज्ञा तोंडपाठ होत्या. विसाव्याच्या आज्ञेत पोरगा हाय, पोरगी हाय, नोकर हाय, मोलकरीण हाय, ढोरं हायेत, दारचा परका माणूस हाय. बायकोचं नाव नाही त्याच्यात. मी तवाच समजली."

तृप्तीनं तव्यावरची पोळी उलटली. "काहून की ते तुमालेच सांगितलं आहे, आई. पहिले तुमी बसायचं, मंग बाकीच्याइले बसवायचं. ज्याले सांगितलं त्याचं नाव कशाले घेतील?"

एस्तेरबाईनं लाटण्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

कोपऱ्यातून प्रभुदासचा आवाज आला. "रेल्वेत याले रेस्ट-गिव्हर म्हणत."

"काय म्हणत?"

"रेस्ट-गिव्हर. आठवड्यातून एक दिवस माही रेस्ट राहे ना, तवा माह्या जागेवर दुसरा माणूस ड्युटी करे. त्याचं कामच ते. आज याले रेस्ट दे, उद्या त्याले रेस्ट दे. तो आला म्हणून आपल्याले घरी झोपता येई. गाड्या काही थांबत नसत." बोलता बोलता तो खुश झाला. "तसंच हे. सूनबाई इतवारची रेस्ट-गिव्हर, तू शनवारची."

एस्तेरबाई त्याच्याकडे वळली. "हे तुमाले नोकरीभर ठाऊक होतं?"

"हो मंग! नियमच होता तो."

"मंग इतक्या वर्षात माह्या चुलीवर तुमचा रेस्ट-गिव्हर एकदाबी काहून नाही आला?"

दूरवर एक गाडी गेली. ती कोणती, ते आज प्रभुदासनं सांगितलं नाही. त्यानं आणखी एक कांदा घेतला आणि मुकाट्यानं सोलायला लागला.

त्या दिवशी एस्तेरबाई पंगतीत बसली. तृप्ती वाढत होती, पंकज पाणी देत होता, प्रभुदास कांदा-लिंबू फिरवत होता. पाळकीणबाई घास हातात धरून म्हणाल्या, "एस्तेरताई, किती वर्षं झाली तुमच्या घरी जेवून राहिलो आमी. तुमाले जेवताना आज पयल्यांदा पाहिलं."

सगळे हसले. एस्तेरबाईही हसली. तव्यावरची पोळी थेट तिच्या ताटात पडली होती, बोटाला चटका बसेल इतकी गरम. गरम पोळी ती रोज करायची, पण खायची शेवटी, सगळे उठल्यावर, गार. दुसऱ्या कोणाच्या हातची गरम पोळी माहेर सुटल्यावर तिनं खाल्ली नव्हती. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून चोळतात, तेव्हा तो कसा डोळे मिटून उभा राहतो, तसं तिला झालं. डोळे भरून आले. पाहुणे पाळक काळजीनं म्हणाले, "रस्सा तिखट झाला काय हो?" ती म्हणाली, "नाही जी, बरोबर झाला."

पाहुणे गेल्यावर पंकज गाडीची किल्ली घेऊन दाराशी आला.

"कुठी निघाला?" एस्तेरबाईनं घाईनं विचारलं.

"पाहुण्याइले बसस्टँडवर सोडून येतो. ते पायीच निघाले."

"अन् खोली?"

पंकज आईकडे पाहत राहिला, मग तृप्तीकडे. तृप्ती भांडी गोळा करत होती.

"खोली पाहू नको," एस्तेरबाई म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं, विनवणी होती, आणि ती तिनं लपवली नाही. "शनवारी मी हाय ना घरी. मसाला आता शुक्रवारीच वाटून ठेवू दोघी मिळून. मिक्सर तेवढा दुरुस्त कर. साऱ्या गावच्या मोटारी बांधतो, अन् मायचा मिक्सर तसाच पडला हाय!"

पंकजचा चेहरा असा उजळला की त्याला पाहुण्यांचीही आठवण राहिली नाही. "आज संध्याकाळीच करतो," तो म्हणाला. भांडी घासताना तृप्ती गुणगुणायला लागली, आणि या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच गुणगुणत होती हे एस्तेरबाईला तेव्हा कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.

पुढच्या शनिवारी दिपाली साडीला फॉल लावायला घेऊन आली. एस्तेरबाईनं तिला दारातच थांबवलं. "आज सूनबाईची रेस्ट हाय. उद्या ये."

"उद्या तं तुमचा इतवार असते ना?"

"माहा असते. तिचा नसते. तू ये बिनधास्त."

आणि इतवारी एस्तेरबाई देवळात गेली ती शेवटच्या बाकाजवळून सरळ पुढे निघून गेली आणि पाळकीणबाईच्या शेजारी जाऊन बसली. शेवटचं गीत सुरू झालं. सगळे उभे राहिले. तिचा हात आपोआप कमरेशी गेला आणि पदर खोचला गेला, पायाला चुळबुळ सुटली. दोन गल्ल्यांपलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आल्याचा तिला भास झाला. भास असो की खरी, ती शिट्टी आज तृप्तीची होती.

गीत संपलं. पाळकसाहेबांचा हात वर गेला. एस्तेरबाईनं खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून नीट घेतला आणि मान खाली घातली.